बॅटमॅनचा वाडा व आमचा वाडा

वार्धक्यांत माणसास कोणता छंद जडेल, ह्याचा नेम नाहीं. ३६ वर्षें मुलांकडून रूपें व समास घोकवून घेण्यांत घालविलेल्या मजसारख्या शाळामास्तरानें ६६ व्या वर्षीं एका अमेरिकन चित्रकथेंतील वीराच्या घराचा नकाशा काढावयास बसावें, हें ऐकून वाचक हंसतील. घरांतील मंडळीही हंसलीच. पण त्या नकाशापायीं मला जें कळलें, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

गेल्या मे महिन्यांत माझा नातू सुटीसाठीं पुण्याहून धाराशिवास आला होता. बारा वर्षांचा मुलगा; बॅटमॅन हें त्याचें दैवत. ही कथा १९३९ सालीं बॉब केन व बिल फिंगर ह्या दोघांनीं सुरू केली. डोळ्यांदेखत आईबापांचा खून झालेला एक धनिकपुत्र दिवसां आपल्या वडिलोपार्जित वाड्यांत राहतो व रात्रीं वटवाघळाचा वेष घेऊन दुर्जनांचें पारिपत्य करितो, असें तिचें सूत्र. वाड्याखालीं त्याची गुप्त गुहा आहे. "आजोबा, ह्या वाड्याचा आराखडा काढूं या ना! तुम्ही तर वाड्यांतच वाढलांत," असें नातू म्हणाला, आणि आलेखाचा कागद, पट्टी व पेन्सिल घेऊन आम्ही बसलों.

काम सोपें नाहीं, हें पहिल्याच दिवशीं ध्यानांत आलें. मृच्छकटिकांत मैत्रेय वसंतसेनेच्या घरीं जातो, तेव्हां त्यास आठ प्रकोष्ठ ओळीनें लागतात. पांचव्यांत पाकशाळा, सातव्यांत पक्ष्यांचे पिंजरे. तें एका कवीचें काम, म्हणून क्रम बिघडत नाहीं. बॅटमॅनचा वाडा मात्र ८० हून अधिक वर्षें अनेक हातांनीं बांधिलेला. आरंभींच्या कथांत गुहाच नाहीं. ती पुढें आली १९४३ च्या चित्रपटमालिकेंतून. गुहेंत उतरण्याची वाट अभ्यासिकेंतील उंच घड्याळामागें आहे म्हणावें, तर १९६६ च्या दूरदर्शन-मालिकेंत ती पुस्तकांच्या कपाटामागें, आणि जिना नसून सरकण्याचे खांब! १९८९ च्या चित्रपटांत तर वाड्याचें बाह्यांग इंग्लंडमधील नेब्वर्थ हाउसचें व अंतरंग हॅटफील्ड हाउसचें. बाहेरच्या खिडक्या मोजून आंतल्या खोल्या बसवाव्या, तर बसणार कशा?

मीं नातवास मीमांसकांची रीत सांगितली. परस्परविरुद्ध वाक्यें दिसलीं, तरी एकदम कोणतेंच टाकूं नये; आधीं एकवाक्यता लागते का, तें पाहावें. त्याप्रमाणें घड्याळ व कपाट आम्ही एकाच अभ्यासिकेच्या दोन भिंतींस लाविलें. गाडी गुहेंतून बाहेर कशी पडते? २००५ च्या चित्रपटांत ती धबधब्याआडून जाते. "आजोबा, नळदुर्गासारखें!" नातू ओरडला. त्यानें तेथील पाणीमहाल पाहिला होता. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटांत बांधिलेला तो महाल. समोरून पाणी कोसळतें आणि आंतला माणूस कोरडा राहतो. धबधबा जिकडे, तिकडे उतार. म्हणून गुहा वाड्याच्या त्या अंगास, आणि तिच्यावर अभ्यासिका. अशा रीतीनें आम्हांस एक नियमच गवसला : खोली कोठें आहे, हें विचारूं नये, तेथें कोठून जातां येतें, हें विचारावें.

माझा धाकटा भाऊ नाना झोपाळ्यावर बसून हें सारें ऐकत असे. तो मितभाषी. एके दिवशीं त्यानें विचारलें, "तें घड्याळ उघडतें कसें रे?"

"कांटे १० वाजून ४७ मिनिटांवर आणिले कीं उघडतें, नानाआजोबा. त्याचे आईबाबा त्या वेळीं गेले ना!"

नाना बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "दादा, आपलाही वाडा काढ."

आमचा वाडा उमरगें तालुक्यांतील. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला, त्यांत तो गेला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक उशिरां निजलेले. लातूर व आमच्या जिल्ह्यांत हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं व जड माळवदांखालीं सांपडलीं. मी नोकरीच्या गांवीं होतों. नाना ढाळजेंत निजला होता. तेथील माळवद लाकडी खांबांवर पेललेलें, म्हणून भिंती ढांसळल्या तरी तें उभें राहिलें व तो वांचला. काकू माजघरांत होती. माजघराच्या तुळया भिंतींवरच टेकलेल्या. आई लहानपणीं वारल्यावर जिनें आम्हां दोघांस वाढविलें, ती काकू त्या रात्रीं गेली.

मीं दिंडी दरवाजा काढिला, चौक काढिला, आड, देवघर, ढाळज काढिली. ढाळजेस लागून माजघर, आणि मधल्या भिंतींत दार. ढाळजेपासून माजघर दहा पावलें. हीं दहा पावलें मीं ३० वर्षें मनांत मोजिलीं होतीं. नाना तीं कां चालला नाहीं, हें त्याला मीं कधीं विचारलें नाहीं. पण मनांतून गेलेंही नाहीं.

नानानें कागदावर बोट ठेविलें. "दादा, येथें दार नव्हतें."

"असें कसें? ह्याच दारांतून आपण काकूकडे धांवत जात होतों."

"तेव्हां होतें. तूं नोकरीस लागल्यावर तें बुजवून तेथें धान्याचें बळद केलें. माजघरांत जावयाचें तर चौकांतून ओसरीवर चढावें लागे. ओसरीची भिंत पहिल्या धक्क्यासच चौकांत आली होती. दगड उपसतां उपसतां उजाडलें."

मला सारें आठवलें. सणासुदीस मीं त्या ओसरीवरूनच शंभर वेळां माजघरांत गेलों असेन. तरी मनांतील वाडा बालपणींचाच राहिला होता, आणि त्या वाड्याच्या आधारें मीं सख्ख्या भावास दोषी ठरविलें होतें. नातू समोर असतांनाच मीं हें नानास सांगितलें. तो म्हणाला, "ठाऊक होतें मला. तूं विचारशील, म्हणून वाट पाहत होतों."

नातवानें रबरानें तें दार पुसलें व तेथें बळद काढिलें.

वाचकहो, ज्या घरांत आपण सारे नांदतों, त्याचा आराखडा प्रत्येकाच्या मनांत निराळा असतो. तो एकदां सर्वांनीं मिळून, वडीलधारीं माणसें आहेत तोंवर, काढून पाहावा. कोणतें दार कोणासाठीं बंद होतें, हें एकट्यानें काढिलेल्या नकाशांत दिसत नाहीं.

बॅटमॅनच्या वाड्याचें स्वयंपाकघर अद्याप सांपडावयाचें आहे. तें दिवाळीच्या सुटींत शोधूं; ह्या वेळीं नानाही पेन्सिल घेऊन बसणार आहे.