फोन समोरच्याजवळ ठेवा

मराठी ऐकू येत होतं आणि कन्नड येईनासं झालं होतं. निम्मं आयुष्य म्हैसुरात गेलं, देवराज मार्केटमधल्या फुलवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करायची सवय. तरी तिला भाव पुन्हा पुन्हा विचारावा लागे. घरी मात्र फारसं अडत नव्हतं.

मानसगंगोत्रीतल्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत तपासणी करून घेतली. 1965 साली स्थापन झालेली ही संस्था, म्हणजे ‘आयिश’. बंद खोलीत हेडफोन लावायचे, बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं. आलेखात खालच्या पट्टीतले सूर जवळपास ठीक होते, 2000 हर्ट्झच्या पुढे मात्र रेघ घसरत गेली होती. वयाबरोबर ऐकू कमी येतं ते बहुधा असंच. आ, ओ, ऊ हे स्वर पोचतात. स, श, फ यांची धार वरच्या पट्टीत असते, ती बोथट होते. आवाज येतो, शब्द लागत नाही. मातृभाषेत राहिलेल्या जागा डोकं आपोआप भरून काढतं, मागाहून शिकलेल्या भाषेत ते तितकं साधत नाही. मार्केटमधलं कोडं तिथे सुटलं.

श्रवणयंत्राचा सल्ला मिळाला. ते ठरेपर्यंत मुलाने त्याचे एअरपॉड्स दिले आणि माझ्या आयफोनवर ‘लाइव्ह लिसन’ चालू करून दिलं. 2018 पासून ही सोय आहे: फोन माइक होतो आणि त्याने टिपलेला आवाज थेट कानात येतो. फोन माझ्याजवळ असला तर विशेष फरक पडत नाही. तो बोलणाऱ्याच्या पुढ्यात ठेवायला हवा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, आणि भांड्यांचा, पंख्याचा आवाज त्या मानाने मागे पडतो. जेवताना फोन यांच्या ताटाशेजारी ठेवला. हे नेहमीच्याच हळू आवाजात आमटीत मीठ कमी आहे म्हणाले आणि मला ते पहिल्याच वेळी कळलं. मला रडू आलं.

मार्केटमध्ये मात्र हे चालत नाही. तिथे हमालांचे आवाज, हॉर्न, सगळंच मोठं होतं. आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. आणि कानात इअरबड्स दिसले की ही गाणी ऐकतेय असं समजून माणसं बोलायचीच थांबतात. त्याचं वाईट वाटतं. आता मी आधीच सांगते, ‘ऐकू यावं म्हणून लावलेत, बोला.’

2024 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रो 2 मधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला मान्यता दिली, तीही सौम्य ते मध्यम दोषासाठी, प्रौढांपुरती. ती भारतात चालू नव्हती, तेव्हा बंगळूरच्या तीन तरुणांनी आजीसाठी खटपट करून, उपकरणांना आपण अमेरिकेत आहोत असं भासवून ती चालू केली. त्यांचं मला फार कौतुक वाटतं. तरीही कुणी विचारलं तर मी आधी तपासणीच सांगते. एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, किंवा अचानक यायचं थांबलं असेल, तर कारण वेगळं असू शकतं आणि वेळ दवडून चालत नाही.

श्रवणयंत्राचं माप दिलंय. ते आलं तरी जेवणाच्या टेबलावरचा फोन मी हलवणार नाही.