चकाकणारी नळी

विकणाऱ्याने रायफलीचा बोल्ट काढला, नळीत टॉर्च धरला आणि आतून लख्ख उजेड आला. सोबत आलेला कोल्हापूरचा मित्र म्हणाला, “नुसता आरसा हाय की, दादा!” रायफल मी घेतली, पण ती आरशासाठी नव्हे. झिजलेली नळीही चकाकते. बघायच्या असतात त्या आतल्या आट्यांच्या, म्हणजे पिळदार खाचांमधल्या उंचवट्यांच्या, कडा धारदार आहेत की गोल झाल्यात ते, आणि नळीची दोन्ही टोकं.

ही ली-एनफिल्ड नंबर ४, .३०३ ची. दुसऱ्या महायुद्धात टोरांटोजवळच्या लाँग ब्रँच कारखान्यात बनलेली. युद्धानंतर अशा असंख्य रायफली कॅनडात शिकाऱ्यांच्या घरी गेल्या. कितीतरी जणांनी हरणावर पहिली गोळी अशाच रायफलीतून झाडली. मी मिसिसागात टूलरूममध्ये काम करतो, तो कारखाना होता तिथून फार लांब नाही.

आधी साफसफाई. तांब्याचा थर आट्यांत बसलेला असताना घेतलेलं माप खोटंच येतं. अमोनियाचं सॉल्व्हंट लावून चिंध्या फिरवल्या. त्या निळ्या-हिरव्या निघायच्या थांबल्या तेव्हा कुठे मोजायला बसलो. मग तेल लावून शिशाचा मऊ तुकडा मागच्या बाजूने लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत नेला. इथे हाताला जे कळतं ते कुठल्याही यंत्राला कळत नाही. नळीभर सारखा जोर लागत होता आणि शेवटच्या इंचभरात हात एकदम हलका झाला. तोंड सैल होतं.

शिशावर पाच खाचा उमटल्या होत्या, डाव्या पिळाच्या. युद्धकाळात दोन खाचांच्या नळ्याही निघाल्या, ही मात्र पाचाची. विषम आकडा आला की साधा मायक्रोमीटर फसतो, कारण खाचेच्या समोर खाच येत नाही. पाच धारांच्या रीमरसाठी आमच्याकडे व्ही-अॅन्व्हिलचा मायक्रोमीटर आहे, त्याने मोजलं: ०.३१४ इंच. बाजारातली गोळी बहुधा ०.३११ ची, म्हणजे थोडी सैलच. पण या रायफली नव्या असतानाही असं माप निघे. तेवढ्यावरून नळी बाद करणं अन्यायाचं.

तोंडाचं माप या शिशावरून मिळत नाही, कारण ते वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेचा आकार घेऊन बाहेर येतं. म्हणून तोंडात पिन गेज घातली. पिन आत गेली, पण डुलत होती आणि एकाच बाजूला उजेडाची बारीक फट दिसत होती. झीज गोळीने केलेली नव्हती. सैनिक नळी साफ करायला वजन बांधलेली दोरी मागून सोडून पुढून ओढत. दोरीला धूळ-वाळू लागलेली आणि ओढ तिरकी, की वर्षानुवर्षं ती एकाच कडेवर घासत राहते. असं तोंड एकीकडे झिजलं की गोळी बाहेर पडताना तिच्यामागचा वायू एका अंगाने आधी सुटतो आणि ती वाकडी ढकलली जाते.

मागचं टोक बोअरस्कोपने पाहिलं. काडतूस बसतं त्याच्या जरा पुढे पोलादाला वैशाखातल्या काळ्या रानासारख्या भेगा होत्या. हा गरम वायूचा मार. .३०३ च्या काडतुसात आधी काळी दारू असे. तिची जागा कॉर्डाइट दारूने घेतली तेव्हा मेटफर्ड पद्धतीचे उथळ, गोलसर आटे भराभर झिजू लागले, आणि १८९५ मध्ये एनफिल्ड पद्धतीचे खोल, चौकोनी आटे आले. माझ्या नळीत भेगांच्या पुढे त्या आट्यांच्या कडा अजून ताठ उभ्या होत्या.

एवढा खटाटोप कशाला, असं मित्राने विचारलं. हरणाच्या छातीत नेम धरायची जागा ताटाएवढी असते. गोळी चार बोटं मागे गेली तर जनावर पोट फुटलेलं घेऊन रानात शिरतं आणि रात्रभर मरत राहतं. ज्या नळीचा भरवसा नाही ती जनावरावर रोखायचा मला हक्क नाही, असं मी मानतो.

लेथवर नळीचं तोंड आतून थोडं मोठं केलं, झिजलेला भाग तेवढा काढला. लांबी आणि पुढची माशी जागच्या जागी राहिली. आता गोळी शाबूत आट्यांतून सुटते. रेंजवर शंभर यार्डांवर आधी सहा इंचांत विखुरणाऱ्या गोळ्या तिनाच्या आत येऊ लागल्या. मागच्या भेगा आहेत तशाच आहेत, त्या वाढतील. म्हणून नोव्हेंबरात शंभर यार्डांपलीकडच्या हरणावर मी चाप ओढत नाही, आणि दर हंगामाआधी बोअरस्कोप पुन्हा आत घालतो.