तीन बर्नरचा मेनू

गिऱ्हाईक फोनवर मेनू सांगायला लागलं की मी आधी तळण मोजते. परवाच एक ताई सांगत होत्या, "पुऱ्या, बटाटेवडे, अळूवडी आणि शेवटी गरम जिलेबी. काकू, फार नाही, तीसच माणसं आहेत." चार पदार्थ तळणीचे, चारही गरम हवेत, आणि माझ्या ओट्यावर शेगडी तीन बर्नरची. त्यातल्या दोन बर्नरवर मोठे टोप बसले की तिसऱ्यावर जेमतेम कढई मावते. तीस माणसांच्या पुऱ्या म्हणजे माणशी चार धरल्या तरी १२०. शेवटचा घाणा निघेपर्यंत पहिल्या पुऱ्या खाली बसून चामट होणार. मी त्यांना केळवणाचा माझा नेहमीचा बेत सांगितला. थोडी घासाघीस होऊन कोथिंबीरवडीवर मिटलं.

डोंबिवलीत घरून स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका काही कमी नाहीत. सकाळची लोकल पकडणाऱ्यांच्या या गावाला पोळीभाजी विकत घेण्याचं अप्रूप कधीच नव्हतं. तरी नव्याने सुरू करणारी प्रत्येक जण मला पहिला प्रश्न भांड्यांचा विचारते. केवढे टोप घेऊ? चेफिंग डिश लागेल का? माझं उत्तर ठरलेलं आहे: काही घेऊ नकोस. मोठे टोप, पराती, झारे मंडपवाल्याकडे दिवसाच्या भाड्याने मिळतात. ती घासून, मोजून परत करायची कटकट आहे, पण घरात पडून राहिलेला वीस किलोचा टोप जागेचं भाडं मागत नाही म्हणून फुकट ठरत नाही. सुरुवातीला पैसे घालायचे ते तीन गोष्टींत: चांगला वजनकाटा, झाकणं घट्ट बसणारे स्टीलचे डबे आणि फ्रिजमधली रिकामी जागा. शेवटची वस्तू दुकानात मिळत नाही, घरच्यांशी भांडून मिळवावी लागते.

भांडवल कमी असण्याचा मला झालेला फायदा म्हणजे मेनू शहाणा झाला. काय चांगलं येतं यापेक्षा कुठला पदार्थ किती वेळ बर्नर अडवतो, हे आधी पाहायची सवय लागली. केळवणाचंच घ्या. मटकी दोन दिवस आधी भिजते, मोड आपले आपण येतात. तीस जणांना माणशी शंभर ग्रॅम धरून तीन किलो श्रीखंड लागतं. दीड किलो चक्का आणि तेवढीच साखर रात्रीच एकत्र करून फ्रिजमध्ये जाते. कोथिंबीरवडीचे उंडे आदल्या संध्याकाळी उकडून गार होतात, सकाळी तव्यावर थोड्या तेलात खरपूस करायच्या. मठ्ठ्याला गॅसच नको. काकडी चोचवून वेगळ्या डब्यात, दही वेगळं, दाण्याचं कूट वेगळं. मीठ घालून कालवायचं ते त्यांच्या घरी, नाहीतर पोचेपर्यंत कोशिंबिरीचं सार होतं. पोळ्या मी लाटत नाही. एक किलो कणकेच्या ३५ ते ४० पोळ्या होतात आणि शेजारच्या इमारतीतल्या बाई त्या माझ्यापेक्षा मऊ करतात. राहिले मसालेभात, उसळ आणि बटाट्याची सुकी भाजी. तिघांना तीन बर्नर.

आता मसालेभाताबद्दल थोडं, कारण घरचा उत्तम हात इथेच दगा देतो. चार माणसांचं प्रमाण साडेसात पटीने वाढवलं की तीस माणसांचा भात होतो, असं कागदावर दिसतं. टोपात तसं होत नाही. छोट्या पातेल्यात पाणी पसरट असतं, भराभर आटतं. मोठ्या टोपात खोली वाढते, वाफ निघायला तोंड त्या मानाने कमी, म्हणून पाणी हिशेबापेक्षा कमी घालावं लागतं. कांदा भरपूर पडला की तो परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजतो. म्हणून मी तो दोन-तीन हप्त्यांत परतून काढते, वेळ गेला तरी. तिखट आणि हिंग पटीत वाढवायचे नाहीत. आधी कमी, मग चव घेऊन. आणि गॅस बंद करायचा तो शितात बारीकशी कणी असतानाच. एवढ्या मोठ्या गोळ्यात उष्णता दबा धरून बसलेली असते, झाकणाखाली भात पुढे अर्धा तास शिजतच राहतो. पूर्ण जेवण असेल तर माणशी ७० ते ८० ग्रॅम तांदूळ पुरे होतो. दोन गोड पदार्थ असतील तर त्याहूनही कमी.

चवीबद्दल गिऱ्हाईक बोलतं, मला धास्ती असते घड्याळाची. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे रेंगाळलं की जंतूंचं फावतं; भातातले काही जिवाणू तर शिजवण्यातूनही बीजरूपाने वाचतात आणि भात कोमट राहिला की पुन्हा जागे होतात. म्हणून जेवण दीडला असेल तर भात साडेबाराच्या आत उतरत नाही. मे महिन्यात ओल्या खोबऱ्याची चटणी मी सरळ नाकारते, लसणीची सुकी देते. कोणी हट्ट धरला तर ऑर्डर सोडते. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक माझ्या बिलावर असतो. मी केली तेव्हा ही साधी नोंदणी वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असणाऱ्यांसाठी होती आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. शंभर रुपयांसाठी लोक ती टाळतात याचं मला नवल वाटतं. सिलिंडरचंही तसंच. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतो. त्यासाठी १९ किलोचा वेगळा घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. तो खर्च ताटाच्या दरात आला पाहिजे.

दराचं बोलायचं तर पाटी-पेन्सिलच बरी. तीस ताटं, २५० रुपये दराने, ७५०० रुपये. किराणा, भाजी, चक्का, तूप मिळून ३२०० धरा. १२० पोळ्या आठ रुपयांप्रमाणे ९६०. मदतीच्या बाईंचे ७००, गॅस २५०, भांड्यांचं भाडं आणि रिक्षा ६००, डबे-पिशव्या १५०. उरतात १६४०. त्यात बाजार, निवडणं, आदली रात्र, सकाळ आणि नंतरची घासाघीस, म्हणजे सरळ दोन दिवस. इथे पुष्कळ जणी थांबतात आणि म्हणतात, "सुटले की हजार-दीड हजार!" स्वतःची मजुरी खर्चाच्या रकान्यात लिहायची नाही हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. ती लिहिली की दर ३०० च्या खाली येत नाही. "घरचंच तर आहे, एवढे कसे?" असं विचारणाऱ्यांना मी हॉलवाल्या केटररचा दर विचारून यायला सांगते. निम्मे परत येतात.

आणि पैसे आधी. निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय मी तारीख लिहीत नाही, कारण त्याच पैशांत वाणी भागतो. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचा गळा इथेच आवळला जायचा. गिरणी कामगारांना त्या महिनाभर घरी जेवू घालायच्या, पैसे मिळायचे पगारानंतर, तोवर किराणा उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांच्या हातात कसब होतं, ताटं-वाट्या होत्या, गिऱ्हाईक तर दारात बसलेलं होतं. कमी होतं ते महिनाभर पुरेल एवढं खेळतं भांडवल. आज मी ते गिऱ्हाइकाकडूनच घेते, तेही फोनवर, दोन मिनिटांत.

पितृपक्षातली कामं मला सगळ्यात आवडतात. माणसं दहा-बारा, बेत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला: भाताची किंवा गव्हल्यांची खीर, वडे, आमसुलाची चटणी, कढी, गवार, कारलं. मेनूवर वाद नाही, वेळ काटेकोर, आणि "यात पनीर घालाल का" असं विचारायची कोणाची छाती होत नाही. वडे मात्र तळणीचे. पण दहा माणसांना एक कढई पुरते.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी मी घेत नाही. तिथे भाव किलोवर ठरतो, गल्लीगल्लीत स्पर्धा असते, आणि भाजणी बिघडली की तेल पिणाऱ्या चकल्या कोणाच्या गळ्यात मारायच्या? चौकशीला फोन आला की पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंचा नंबर देते. त्यांच्या अनारशांना जाळी सुरेख पडते. त्यांना होळीला पुरणपोळ्यांचं कोणी विचारलं तर त्या माझा देतात.