भाताची कुंडली

दोस्तांनो, चला, आज सुकापूरला जाऊ या! पनवेल स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं आणि माथेरान रस्ता धरायचा. नावावर जाऊ नका हं! हा रस्ता माथेरानला चढत नाही, डोंगराच्या पायथ्याशी धोदाणीला संपतो. सुकापूर अगदी सुरुवातीलाच लागतं. उंच इमारती, दुकानं, रिक्षांची गर्दी. इथे कुठली आलीय शेती, असं वाटेल. पण पावसाळ्यात तसंच पुढे नेऱ्याकडे गेलात, की भाताची हिरवीगार खाचरं दिसू लागतात. रायगड, म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा, भाताचं कोठार म्हणूनच ओळखला जायचा.

आता सांगा, सुकापूरच्या एखाद्या घरात शिजणारा वाटीभर भात पृथ्वीला किती महाग पडतो?

हे मोजायची एक शास्त्रीय रीत आहे. तिचं नाव ‘जीवनचक्र मूल्यमापन’. आपण तिला भाताची कुंडली म्हणू! 1969 साली अमेरिकेत कोका-कोला कंपनीने आपल्या बाटल्यांचा असा हिशेब करून घेतला होता. वस्तू जन्मल्यापासून कचऱ्यात जाईपर्यंत काय काय लागलं आणि काय काय बाहेर पडलं, ते सगळं मांडायचं.

मांडू या तर. उन्हाळ्यात शेतकरी शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजतात. इथे धूर झाला. मग आवण तयार होतं, चिखलणी होते, लावणी होते. खाचरात पाणी साचलं की चिखलातली हवा संपते. बिनहवेत जगणारे जिवाणू तिथे मिथेन वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवतो. शिवाय युरिया. तो आपल्याच जिल्ह्यात थळच्या कारखान्यात बनतो, पण नैसर्गिक वायू वापरून. पुढे मळणी, भातगिरणी, टेम्पो आणि तुमच्या घरातला गॅस.

पुष्कळांना वाटतं, सगळा दोष ट्रकच्या धुराचा. पण 2018 साली पूर आणि नेमेचेक या शास्त्रज्ञांनी 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांची माहिती जुळवली. अन्नामुळे होणाऱ्या हवामानबदलात वाहतुकीचा वाटा थोडाच निघाला. मोठा वाटा शेतातच होता!

मग उपाय काय? अधूनमधून खाचर सुकू दिलं तर मिथेन घटतो. पण त्याच वेळी नायट्रस ऑक्साइड हा दुसरा वायू वाढू शकतो. म्हणजे एका खिशातलं दुसऱ्या खिशात! म्हणून पूर्ण कुंडली हवी.

माथेरानच्या डोंगरापलीकडे नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा भात तंत्र’ रुजवलं. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफ्यांवर बी टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोल खोचतात, म्हणजे खत वाहून जात नाही. अर्थात सगुणा तंत्रात तणनाशकही लागतं, तेही हिशेबात धरायला हवं. आणि तुलना नेहमी एक किलो तांदळाची करायची. पीकच निम्मं आलं, तर वाचवलेल्या पाण्याचं कौतुक काय करायचं?

या सगळ्यात शेतकऱ्याचाही विचार हवा बरं का! राब भाजून तण मरतं, म्हणून तो भाजतो. त्याला परवडेल अशी वाट दाखवली, तरच ती टिकेल.

आणि आपण? तांदूळ अर्धा तास भिजवून, झाकण ठेवून शिजवला तर गॅस वाचतो. आईबाबांना विचारून करून बघा. पण सर्वात सोपं म्हणजे पानात टाकू नका! टाकलेल्या घासाबरोबर राबाचा धूर, खाचराचं पाणी, थळचा युरिया आणि कुणाची तरी वाकलेली पाठ, सगळंच वाया जातं. आज जेवताना भाताची कुंडली घरातल्यांना सांगा. बघा, कोण दुसऱ्यांदा भात वाढून घेताना विचार करतं!