निरर्थक अक्षरें

शब्द आणि अर्थ यांची फारकत होऊं शकत नाहीं, असें आम्ही तीस वर्षें वर्गांत उभे राहून सांगत आलों आहों. कालिदासानें रघुवंशाच्या आरंभीं पार्वती-परमेश्वरांना याच जोडीची उपमा दिली, हा दाखला तर आम्हीं इतक्या वेळां दिला कीं, पुढच्या बांकावरचे विद्यार्थी तो आमच्या आधींच पुटपुटूं लागत. अशा मनुष्याला पन्नाशी उलटल्यावर पांच निरर्थक अक्षरांनीं निरुत्तर करावें, हा प्रकार थोडा लाजिरवाणा खरा. पण तो घडला, आणि तो लपविण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं.

2019 सालच्या डिसेंबरांत आम्ही चेन्नईस गेलों होतों. त्या महिन्यांत तेथें संगीताचा हंगाम असतो आणि सकाळपासून रात्रीपर्यंत कोठें ना कोठें गाणें चाललेलें असतें. एका सायंकाळीं मैफल सरत आली होती. मुख्य राग विस्तारानें गाऊन झाला होता, दोन-तीन हलकीं पदेंही झालीं होतीं. गायिकेनें 'धीम् तन न' असे बोल उचलतांच, आतां खरें गाणें संपलें असें समजून आम्ही खुर्चीखालीं पायांनीं चपला चांचपूं लागलों. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं आमच्या मनगटावर हात ठेवला व एकच शब्द उच्चारला, "तिल्लाना!" घरीं पूजेनंतर उठूं पाहणाऱ्या पाहुण्याला "प्रसाद व्हायचा आहे" असें ज्या स्वरांत सांगतात, तोच तो स्वर होता. आम्ही मुकाट्यानें बसलों.

तिल्लाना हा आपल्या तराण्याचा भाऊबंद. त्याच्या पल्लवी आणि अनुपल्लवी या भागांत बहुधा नुसते बोलच असतात. कांहीं मृदंगाच्या आघातांवरून आलेले, कांहीं नर्तकीच्या पदन्यासाचे. आपल्याकडे तबला शिकणारा मुलगा 'धा धिं धिं धा' तोंडानें म्हणतो, तसेच तिकडचे मृदंगाचे विद्यार्थी आधीं बोल तोंडीं बसवितात. त्या बोलांना तमिळ भाषेंत 'सोल्लुकट्टु' म्हणतात. 'सोल्' म्हणजे शब्द, 'कट्टु' म्हणजे बांधणी. ज्यांना आम्ही शब्द म्हणावयास तयार नव्हतों, त्यांना त्या भाषेनें नांवांतच शब्द म्हणून ठेवलें आहे!

त्या सभागृहांत ताल देणारे एकटे गायक नव्हते; जवळजवळ प्रत्येक मांडीवर एक हात चालला होता. आदिताल आठ मात्रांचा. एक थाप, मग करंगळीपासून तीन बोटें, आणि त्यानंतर थाप व पालथा हात असें दोनदां. मोजावयास हें पोरांच्या खेळाइतकें सोपें वाटतें. पण गायिकेनें 'तदिगिणतोम' हा पांच अक्षरांचा तुकडा चारांच्या चालीवर टाकला, आणि आमची त्रेधा उडाली. पांच हे चारांत बसत नाहींत. तुकडा प्रत्येक आवृत्तीस एका अक्षरानें पुढें सरकतो, जोर भलत्याच ठिकाणीं पडूं लागतो, आतां सारें कोसळणार असें वाटतें, आणि तोच तुकडा तीनदां येऊन नेमका समेवर उतरतो. यांत अर्थ नव्हता म्हणावें, तर आमची छाती कां धडधडत होती?

या प्रकाराशीं मराठी माणसाचें नातें अगदींच परकें नाहीं. तंजावरच्या मराठी गादीवर दुसरे सरफोजी (1798 ते 1832) असतांना त्यांच्या आश्रयास चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू होते. भरतनाट्याच्या कार्यक्रमाचा जो क्रम पुढें रूढ झाला आणि ज्याच्या शेवटीं तिल्लाना येतो, तो लावण्याचें श्रेय यांना देतात. यांतील वडिवेलु पुढें त्रावणकोरास स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले. या महाराजांचा धनाश्री रागांतला तिल्लाना आजही नाचला जातो. महावैद्यनाथ अय्यर (1844 ते 1893) यांनीं तर 128 मात्रांच्या सिंहनंदन तालांत एक तिल्लाना बांधला. आमच्यासारख्यांनीं आठांतच हरवावें, हें त्यापुढें कांहींच नव्हे.

पण आम्ही त्या संध्याकाळीं तंजावरचा विचार करीत नव्हतों. आमच्या पत्नीला हंसध्वनि रागांतला एक तराणा येत असे. दिवेलागणीला ती तो गुणगुणूं लागली कीं आम्ही पुस्तकांतून डोळे न काढतां म्हणत असूं, "आतां कांहीं शब्द असलेलें म्हण." ती हसे आणि थांबे. पुढें, तराण्याच्या बोलांत फारसी अर्थ दडलेला आहे असें उस्ताद अमीर खां यांचें प्रतिपादन होतें, हें आमच्या वाचनांत आलें. आणि मोठा शोध लागल्याच्या आनंदांत आम्हीं तें तिला जाऊन सांगितलें. ती म्हणाली, "अहो, मग आतां अर्थ मिळाला म्हणून ऐकणार का?" 2014 सालीं ती गेली. तो तराणा आम्हीं एकदांही शेवटपर्यंत ऐकला नाहीं.

तिल्लान्याच्या चरणांत मात्र शब्द येतात. दोन-तीन ओळी देवाची स्तुति, आणि तेथेंच बहुधा रचनाकाराची मुद्रा. एरव्हीं आम्हीं सुटकेचा निःश्वास टाकला असता. शेजारचे गृहस्थ सौजन्यानें आमच्या कानाशीं लागून त्या ओळींचा इंग्रजींत अर्थ सांगूं लागले. आम्ही मान हालवीत होतों. लक्ष तिकडे नव्हतें. शब्द केव्हां संपतात आणि पल्लवीचे बोल पुन्हां केव्हां सुरू होतात, याचीच आम्ही वाट पाहत होतों. ते आले. आम्हींही मांडीवर हात ठेवून पहिल्यापासून मोजावयास आरंभ केला. शेवटची तिहाई पडली तेव्हां सारें सभागृह समेवर होतें आणि आमचें बोट अनामिकेवर.