जिन्याखालची रेंजर

गेल्या महिन्यात जिन्याखालून मुलाची जुनी हीरो रेंजर बाहेर काढली. 1994 साली घेतलेली. दिसायला डोंगरी सायकल, सरळ हँडल, जाड टायर, पण गिअर एकही नाही. साखळीचं कुलूप अजून तसंच होतं. ते मीच लावलेलं. सहामाहीत गणितात गुण कमी पडले म्हणून दहावीभर सायकल बंद! निकालानंतर त्याने किल्ली मागितलीच नाही. मग पुणे, आता जर्मनी. शाळेत दुसऱ्यांच्या मुलांची समजूत काढणारा मी, घरी एवढंच सुचलं.

कुलूप करवतीने कापलं. चाकांचा आउट काढला, तुटलेले आरे बदलले, हबमध्ये नवे छर्रे आणि ग्रीस भरलं. सीटचा दांडा गंजून बसला होता. दोन दिवस डिझेल सोडल्यावर हलला. माझ्या कंबरेसाठी वर वळलेलं हँडल, भाजीसाठी कॅरिअर आणि एक घंटी बसवली. रंग मात्र दिला नाही. दांडीवर त्याने खिळ्याने कोरलेलं नाव आहे.

आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली सायकलवरून अख्खी अमेरिका पार केली. माझी धाव गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत. असो.

मुलाला फोटो पाठवला. खाली लिहिलं, "कुलूप काढलं. तेव्हा चुकलंच माझं." दोन दिवसांनी उत्तर आलं, "बाबा, दिवाळीत येतोय. सीट जरा वर करून ठेवा."

आज सकाळीच पाना काढलाय.