सहा शब्द

एक कादंबरी लिहायला मला साधारण दोन वर्षे लागतात. अशा चार कादंबऱ्या मी लिहिल्या. त्यांतल्या एकीलाही आजवर कोणी बक्षीस दिलेले नाही, आणि न देणाऱ्यांचे फारसे चुकले असेही मला वाटत नाही. पण बक्षीस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एकदा मी सहा शब्द लिहिले आणि त्यांवर मला बक्षीस मिळाले.

ही गोष्ट २०१८ सालची. महिन्याच्या सामानाबरोबर वाण्याने एक मसाल्याचे पाकीट फुकट दिले. आमच्या घरी पाकिटाचा मसाला तोवर कधी शिरला नव्हता. दर उन्हाळ्यात आई धने, सुके खोबरे, तीळ, दगडफूल, दालचिनी, नागकेशर असा सारा संसार निरनिराळा भाजून खलबत्त्यात कुटायची; त्या दिवशी आमची आळी साताऱ्यात कुठे आहे ते आंधळ्यालाही नाकाने सांगता आले असते. तेव्हा ते पाकीट न फोडताच वरच्या फळीवर गेले. मी मात्र सवयीने त्यावरचा मजकूर वाचून काढला. छापलेला कागद दिसला की तो वाचल्याशिवाय मला राहवत नाही. मास्तरकीत जडलेल्या खोडींपैकी ही एक.

पाकिटाच्या पाठीवर कुपन होते. ‘हा मसाला मला आवडतो, कारण...’ एवढे वाक्य दहा शब्दांत पुरे करायचे. निवडलेल्यांना पुण्यात एका नामांकित बल्लवाचार्यांना प्रत्यक्ष पाहण्याची संधी, तीही पहिल्या रांगेत बसून. एका कुपनावर दोघे. त्या बल्लवाचार्यांचे नाव मी येथे देत नाही. पुढे जे घडले त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

मला त्यांना पाहण्याची हौस नव्हती. ती होती आईला. दुपारी जेवणे आटोपली की ती मेथीची जुडी निवडायला घेऊन दूरदर्शन-संचापुढे पाटावर बसे आणि तासभर दुसऱ्यांचा स्वयंपाक पाही. मला याची मोठी गंमत वाटे. जन्मभर पायी टपाल वाटलेला माणूस पेन्शनीत मुद्दाम रपेटीला जात नाही. आईने तर जन्मभर दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केला होता. मॅट्रिकपर्यंतचे माझे सारे शिक्षण तिच्या पोळपाटावर झाले. सकाळी दोन घरी पोळ्या, संध्याकाळी एका घरी सगळा स्वयंपाक, आणि लग्नामुंजीच्या दिवसांत जिथून बोलावणे येईल तिथे.

तिच्या काळी रांधणाऱ्याचे तोंड पाहायला कोणी जात नसे. ती मागल्या दाराने आत जाई आणि मागल्या दारानेच बाहेर पडे. ‘आमटी फक्कड झाली होती हं!’ हे पाहुणे यजमानीणबाईंना सांगत. आणि ही रीत काही साताऱ्याची नव्हे, पार महाभारतापासूनची आहे. अज्ञातवासाचे वर्ष आले तेव्हा भीमाने विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव हे नाव घेऊन पळी धरली. आज आपण मानाने ‘बल्लवाचार्य’ म्हणतो ते त्यावरूनच. पण भीमासारखा देह लपवायला व्यासांना स्वयंपाकघर सापडले, यातच सगळे आले!

मग हळूहळू दिवस पालटले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये निघाले, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये. रांधणारीचे नाव पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आले. आई ज्या घरी पोळ्या करी तिथल्या सूनबाईंकडे ‘रुचिरा’ होती. त्यातली वाटी-चमच्याची मापे त्या आईला वाचून दाखवीत आणि आई हसून म्हणे, ‘‘मोजून घालतात का कोणी?’’ पण घरी आल्यावर गुपचूप वाटी घेऊन पीठ मोजताना मी तिला पाहिले आहे. पुढे १९९३ मध्ये ‘खाना खजाना’ सुरू झाला आणि संजीव कपूर यांच्या रूपाने नावाला घरोघर चेहराही मिळाला. २००७ मध्ये तरला दलाल यांना आणि २०१७ मध्ये संजीव कपूर यांना पद्मश्री मिळाली, ती बातमी आईने मला दोनदा वाचायला लावली होती.

या सगळ्याच्या अलीकडे एक उन्हाळा आहे, १९८६ चा. मी लहान होतो. वर्गातल्या एका मित्राची मुंज होती आणि मला आमंत्रण होते. धुतलेला सदरा घालून मी पंगतीत बसलो. आत स्वयंपाकाला आई आहे हे मला ठाऊक होते. पण वाढपी कमी पडले म्हणून ती तुपाची तपेली घेऊन बाहेर येईल हे ठाऊक नव्हते. ती ओळीने वाढत आली. माझ्यापाशी क्षणभर थांबली, तिने हसून दोन चमचे जास्त तूप वाढले. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘‘तुझी कोण रे?’’

‘‘कोणी नाही,’’ मी म्हणालो.

आई पुढच्या पानाकडे गेली. तिने ते ऐकले की नाही हे मी कधी विचारले नाही, आणि तीही कधी बोलली नाही.

कुपनावर मी लिहिले, ‘त्याला माझ्या आईच्या हाताची चव आहे.’ मोजून सहा शब्द. पाकीट अजून फोडलेलेसुद्धा नव्हते. महिन्याभराने पत्र आले.

आई तेव्हा सत्तरीला टेकली होती. तिने ट्रंकेतले इरकली लुगडे काढले आणि आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. पुण्यातले ते मंगल कार्यालय दुथडी भरले होते. व्यासपीठावर शेगड्या, काचेची भांडी आणि मागे भला मोठा पडदा. त्यावर बल्लवाचार्यांचे हात मोटारीच्या चाकाएवढे दिसत होते. ते आले तेव्हा टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला क्षणभर वाटले, आता हे गाणार! पांढरा अंगरखा, हसरा चेहरा, आणि बोलता बोलता सुरीकडे न पाहता कांदा चिरण्याचे ते कसब. आईची नजर हलेना.

‘‘हात चांगला आहे रे,’’ ती हळूच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘मोहरीला घाई केली. पण सावरलं हं त्यानं.’’

मधूनमधून काळ्या कपड्यांतली दोन पोरे वाट्या आणून ठेवीत आणि खरकटी भांडी उचलून पडद्यामागे जात.

‘‘हे सगळं चिरून, वाटून कोणी दिलं?’’ आईने विचारले.

‘‘असतील त्यांची माणसं.’’

‘‘त्यांना नाही पुढे बोलवत?’’

मी काही बोलणार तोच ध्वनिक्षेपकावर बक्षीसपात्र वाक्ये वाचायला सुरुवात झाली. ती मोठ्याने वाचली जातील हे माझ्या ध्यानीमनीही आले नव्हते! माझे तिसरे होते. निवेदिकेने ते गहिवरून वाचले, टाळ्या पडल्या, आणि आम्हां दोघांना वर बोलावले गेले. आईला पायऱ्या चढवताना मी तिच्याकडे पाहिले नाही.

बल्लवाचार्यांनी वाकून आईला नमस्कार केला. मनापासून केला, हे मला जवळून दिसत होते. मग ध्वनिक्षेपक तिच्यापुढे धरून त्यांनी विचारले, ‘‘आई, तुम्ही घरी खरंच हाच मसाला वापरता ना?’’

सभागृह शांत झाले. आमची आई उगाच गोड बोलणाऱ्यांतली नव्हे. भाजी खारट झाली तर पाहुण्यांना वाढायच्या आधी सांगणारी बाई! तिने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मला त्या वेळी तुपाची तपेली दिसत होती.

‘‘मास्तर आहे तो,’’ ती म्हणाली. ‘‘तो खोटं कशाला लिहील?’’

त्या दिवशीच्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या या वाक्याला पडल्या. आमचा फोटो निघाला. त्यात आई हसते आहे, बल्लवाचार्य हसत आहेत आणि मी बुटांकडे पाहतो आहे.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. खंबाटकीचा घाट लागेपर्यंत एक शब्द बोलली नाही. घाटात म्हणाली, ‘‘पाकिटात मावला का रे माझा हात?’’

‘‘आई, ते आपलं लिहायचं म्हणून...’’

‘‘असं होय!’’ ती म्हणाली. आणि जरा वेळाने, ‘‘तुझ्या गोष्टींतही असंच असतं का?’’

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

बक्षिसाबरोबर मसाल्याच्या पाकिटांची एक पेटी मिळाली होती. तीही वरच्या फळीवर गेली. नळराजाची गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. तो बाहुक होऊन सारथ्य करीत आला, रूप बदललेले, कोणी ओळखीना. तेव्हा दमयंतीने केशिनी दासीकरवी त्याने शिजवलेले मांस मागवले आणि चव घेताच नवरा ओळखला. मुले विचारतात, ‘‘एका घासात, सर?’’ मी मोठ्या तोऱ्यात सांगतो, ‘‘हाताची चव लपत नाही.’’

पंधरा दिवसांनी रविवारी जेवताना मी आमटी पुन्हा मागून घेतली. एरवी मी जेवताना वाचतो. त्या दिवशी का कोण जाणे, पुस्तक मिटून म्हणालो, ‘‘आई, आज आमटी फार छान झाली आहे.’’

आईने हात पुसले, ओट्यावरचे एक रिकामे पाकीट उचलले आणि माझ्या ताटाशेजारी ठेवले.

मी पुन्हा एक भुरका घेतला. तीच चव होती. चाळीस वर्षांची, तीच.

‘‘कळलं नाही ना तुला?’’ ती म्हणाली. ‘‘बरं झालं. दोन वर्षं झाली, खलबत्ता सोसत नाही मला. उजवा खांदा वर जात नाही. तुला सांगणार कसं, म्हणून कुटत होते.’’

आणि तिने डाव्या हाताने मला आणखी एक पळी आमटी वाढली.